सैल गोळ्यांचा हिवाळा

यंदा बर्फ लवकर आला. झाडांवर अर्धी पानं शिल्लक असतानाच आला. सकाळी पडदा सारला तर लाल पानांवर पांढरा थर आणि त्याच्या वजनानं वाकलेल्या फांद्या. ओल्या पानांवर बर्फ पडला की भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा एक वास येतो. तो वास छातीत भरून घेत मी फावडं उचललं आणि नेहमीसारखी शेजारच्या बाजूनं सुरुवात केली. आमचा आणि शेजारच्या घराचा ड्राइव्हवे एकच आहे, मधे कुठे रेघ नाही. अर्धाअधिक झाल्यावर भानावर आलो. त्या घरात आता एक तरुण जोडपं राहतं, त्यांच्याकडे बर्फ उडवायचं मशीन आहे. तो मुलगा कॉफीचा मग घेऊन दारात उभा होता. म्हणाला, "अरे, तू कशाला करतोयस?"

मी नुसता हसलो. त्याच्या गॅरेजचं दार वर गेलेलं होतं. आत व्यायामाची सायकल आणि दोन सर्फबोर्ड. मिशिगनमध्ये सर्फबोर्ड! मी मात्र अजूनही तिथे एक लांब लाकडी बेंच शोधतो, आणि बेंचपासून हातभर दूर एक उंच स्टूल. तीन वर्षांपूर्वीचा अख्खा हिवाळा मी त्या स्टुलावर बसून काढला, दोन्ही हात मांड्यांवर ठेवून.

मिशिगनमधल्या या ट्रॉय गावात तेव्हा आम्हाला नऊ वर्षं झाली होती. माझं काम मोटारींच्या सुट्या भागांची मापं तपासण्याचं. भोक जेवढं हवं तेवढंच आहे का, दांडा किती मायक्रॉननं जाड आहे, हे पाहायचं आणि सही करायची. त्या वर्षी माझ्या व्हिसाच्या मुदतवाढीचा अर्ज सरकारदरबारी अडकला होता. अर्ज पेंडिंग असेपर्यंत इथे राहून काम करता येत होतं. पण एकदा देश सोडला की परत यायला पासपोर्टवर नवा शिक्का हवा, तो मंजुरीशिवाय मिळत नाही, आणि मंजुरी आली तरी भारतातल्या अमेरिकी कॉन्सुलेटची तारीख कधी लागेल याचा नेम नाही. इकडे कंपनीतून माणसं कमी होत होती. दर शुक्रवारी कुणीतरी आपला मग आणि मुलांचे फोटो खोक्यात भरून जायचं. चार महिने नागपुरात अडकून पडलेल्या माणसाची खुर्ची कोण राखून ठेवणार? माझी बायको मुग्धा, तिला तिच्या व्हिसावर काम करायची परवानगी नव्हती. इरा सहावीत होती, नुकती कुठे शाळेच्या ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवायला लागली होती.

आणि नागपुरात आई विसरत चालली होती.

आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. तीस वर्षं कानाला हेडफोन लावून तिनं लोकांच्या लायनी जोडल्या. माणूस एकदा बोलला की त्याचा आवाज तिच्या डोक्यात पक्का बसायचा. भाजीबाजारात पाठीमागून कुणी भाव विचारला तरी ती न वळता म्हणायची, "हे धरमपेठेतले देशपांडे वकील. यांचा नेहमी मुंबईचा कॉल असायचा." अशा बाईला आता मी रोज सकाळी सात वाजता, म्हणजे तिच्या संध्याकाळी, फोन करायचो आणि ती विचारायची, "कोण बोलताय?"

सुरुवातीला आठवड्यातून एकदा विचारायची. डिसेंबरपर्यंत दर दोन दिवसांनी.

सुनंदाताई, माझी मोठी बहीण, तिच्याजवळ होती. एकदा फोन स्वयंपाकघरात नेऊन हळू आवाजात म्हणाली, "समीर, आत्ता आला ना तू, तर ओळखेल ती. चेहरा पाहून ओळखेल. सहा महिन्यांनी आला तर मला काही सांगता येत नाही."

मी कंपनीच्या वकीलबाईंना ईमेल केला. त्यांचं उत्तर नेहमीसारखं नम्र आणि दोन ओळींचं आलं: या टप्प्यावर प्रवास करू नये असा आमचा सल्ला आहे. मी पुन्हा लिहिलं, आईच्या तब्येतीचे कागद जोडले. उत्तर तेच. फक्त या वेळी वर 'वाईट वाटतं' असं एक वाक्य होतं.

---

स्टॅन आमचा शेजारी. वय एकोणऐंशी. जन्म डेट्रॉइटजवळच्या पोलिश वस्तीतला, आयुष्यभर डाय बनवणारा कारागीर. पत्रा दाबून मोटारीचे भाग काढतात ते लोखंडी साचे त्यानं चाळीस वर्षं घडवले होते. बायको आयरीन दोन वर्षांपूर्वी गेली होती. त्याच्या डोळ्यांत मधोमध एक धूसर डाग पडला होता, कडेचं तेवढं दिसायचं. एकदा म्हणाला, "तुझ्याकडे सरळ पाहिलं ना, तर मला तुझे दोन कान दिसतात. चेहरा दिसत नाही." बर्फ काढायला मी सुरुवात केली ती त्यामुळेच. तो बदल्यात काही द्यायचा नाही, आभारही मानायचा नाही. फक्त डिसेंबरातल्या एका शनिवारी गॅरेजचं दार वर केलं आणि विचारलं, "तू मापं घेतोस ना नोकरीत? आत ये."

आत तेलाचा इलेक्ट्रिक हीटर होता आणि बेंचवर एक हिरवी हातप्रेस पक्की बसवलेली होती. स्टॅन घरी पिस्तुलाची काडतुसं भरायचा. इथे हा पुष्कळांचा छंद आहे. आपण मराठीत सगळ्यालाच गोळी म्हणतो, पण अख्खी वस्तू म्हणजे काडतूस. त्यात पितळेची एक छोटी नळी असते, तिच्या बुडाशी ठिणगी पाडणारी टिकली, पोटात दारू आणि तोंडाशी घट्ट बसवलेली तांब्याचं आवरण असलेली शिशाची गोळी. उडते ती फक्त ही गोळी. नळी मागे उरते, ती साफ करून पुन्हा दाबून आकारात आणायची आणि पुन्हा भरायची. दर गुरुवारी स्टॅन त्याच्या वयाच्या चारपाच जणांबरोबर क्लबात जायचा, कागदी चकत्यांवर नेम धरायचा आणि मग सगळे मिळून ॲपल पाय खायचे. आठवड्यातलं त्याचं तेवढंच बाहेर पडणं.

त्यानं तयार काडतूस उचललं, गोळीचं टोक बेंचच्या कडेला टेकवलं आणि मागून अंगठ्यानं रेटलं. गोळी मुकाट आत सरकली.

"पाहिलंस?" तो म्हणाला. "ही हलता कामा नये. पिस्तूल काडतूस ओढून घेतं तेव्हा टोकाला दणका बसतो. गोळी आत गेली की दारूला जागा कमी पडते. जागा कमी पडली की दाब वाढतो. फार वाढला तर पिस्तूल हातात फुटतं."

"किती भरली आहेस अशी?"

"चारेकशे. ऑक्टोबरपासून."

मी हात पुढे करणार होतो, तेवढ्यात मला वकीलबाईंचं जुनं पत्रक आठवलं. तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसानं बंदूक बाळगायची नाही, काडतूसही बाळगायचं नाही. त्यात रिकामी नळीसुद्धा धरतात, सुटी गोळीही आणि दारूही. शिकारीचा परवाना वगैरे अपवाद आहेत म्हणे, पण माझ्याकडे तसलं काही नव्हतं. मी स्टॅनला ते सांगितलं. जरा लाजच वाटली. नऊ वर्षं कर भरतोय, आणि पितळेचा तुकडा उचलून पाहायची चोरी.

स्टॅननं खणातून पिवळी टेप काढली, बेंचपासून हातभर अंतरावर जमिनीवर चिकटवली आणि पलीकडे स्टूल ठेवलं. "ही तुझी बाजू," तो म्हणाला. "तू फक्त बघायचं."

मी बसलो. दार खाली आलं. बाहेर बर्फ पडतच होता.

---

त्यानंतर दर शनिवारी दुपारी मी तिथे असायचो. स्टॅन लांबी मोजायला डिजिटल कॅलिपरच्या जबड्यात काडतूस धरायचा आणि आकडे माझ्याकडे फिरवायचा. मी वाचायचो. तो अंगठ्यानं रेटायचा, पुन्हा धरायचा. मी पुन्हा वाचायचो. दर वेळी दुसरा आकडा लहान. डोळे माझे, हात त्याचे. आम्ही दोघं मिळून एक धड माणूस होत होतो.

माझ्या धंद्यातला पहिला प्रश्न मी पहिल्याच दिवशी विचारला होता. "आधी नीट होत होतं, आता होत नाही. मधे काय बदललं?"

"काही नाही."

"गोळ्या? नळ्या? मशीन?"

"अरे, पंधरा वर्षं तीच प्रेस, त्याच डाय. काही नाही बदललं."

तेव्हा त्यानं त्याला सुचेल तो उपाय केला. प्रेसवर शेवटची एक पायरी असते, नळीचं तोंड गोळीभोवती बाहेरून आवळायची. त्यानं त्या पायरीची डाय, म्हणजे प्रेसमध्ये आट्यांनी बसणारा छोटा साचा, आणखी खाली फिरवली. जास्त आवळलं. अंगठ्यानं रेटलं, तर गोळी आत गेलीच. आणखी आवळलं. आता तर गोळी बोटानं गोल फिरायला लागली.

मला ते दुसऱ्या शनिवारी उमगलं. "स्टॅन, शिसं एकदा दबलं की दबलेलंच राहतं. पितळ थोडं मागे येतं. तू आवळतोस तेव्हा दोन्ही दबतात, सोडतोस तेव्हा नळी पुन्हा थोडी उघडते आणि गोळी तशीच बारीक राहते. तू जितकं आवळशील तितकी ती सैल होईल."

त्याचा हात प्रेसच्या दांड्यावरच राहिला. मग म्हणाला, "हे मला माहीत असायला हवं होतं." आवाजात राग नव्हता. नेहमीच्या वाटेवर पाऊल चुकल्यावर माणूस जसा थबकतो, तसा तो थबकला होता.

मुग्धाला हे काहीच पसंत नव्हतं. एका शनिवारी मी जॅकेट चढवत असताना ती दारात आडवी उभी राहिली.

"तुझी फाइल लटकलीये, आणि तू काडतुसांच्या गॅरेजमध्ये जाऊन बसतोस? उद्या कुणी विचारलं तर?"

"मी कशालाच हात लावत नाही."

"ते तू सांगशील. त्यांना पटायला हवं ना! अरे यार, घरी बस ना. इराशी बोल. ती विचारत होती, बाबा सॅटर्डेला कुठे जातो."

तिचं खरं होतं. पण घरात बसलं की मी फोनवर त्या सरकारी वेबसाइटचं एकच पान पुन्हा पुन्हा उघडायचो. अर्ज क्रमांक टाकायचा, गोल फिरणारं चिन्ह पाहायचं, आणि वाक्य तेच यायचं: तुमचा अर्ज मिळाला आहे. गॅरेजमध्ये निदान प्रश्न असा होता ज्याला कुठेतरी उत्तर होतं. हे मी मुग्धाला सांगू शकलो नाही. म्हटलं, "तासाभरात येतो," आणि निघालो. जाताना इराच्या खोलीतून व्हायोलिनची एकच सरगम ऐकू येत होती, मधल्या एका सुरावर अडखळणारी.

जानेवारी तसाच गेला. आम्ही दुसऱ्या डब्यातल्या गोळ्या वापरून पाहिल्या. मापं चोख होती. नळ्यांच्या बुडावर बनवणाऱ्याची खूण असते, काही नळ्यांचं पितळ पातळ असतं. स्टॅननं बोटांनी चाचपून त्या वेगळ्या केल्या आणि मी टेपच्या अलीकडून खुणा वाचून दाखवल्या. फरक पडला, पण नावापुरता. जाड पितळातही गोळी सरकतच होती.

त्याच महिन्यात त्याची मुलगी डेबी ग्रँड रॅपिड्सहून आली होती. कामसू, स्पष्ट बोलणाऱ्या बायका असतात तशी. बेंचवरचे ते सैल काडतुसांचे डबे तिनं पाहिले, आणि मला ड्राइव्हवेवर गाठलं.

"तू त्याला मदत करतोयस ना, तर एक सांग," ती म्हणाली. "हे सुरक्षित आहे?"

"आत्ता नाही," मी खरं ते सांगितलं. "पण तो ती वापरत नाहीये. गुरुवारी दुकानातली विकत घेऊन नेतो."

"किती दिवस? डॅडला दिसत नाही. त्याला वाटतं मला कळत नाही. मार्चपर्यंत बघते, मग हे सगळं बंद करून त्याला माझ्याकडे नेणार." मग आवाज खाली आणून म्हणाली, "त्याला हे सांगू नकोस."

मी सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून मला वाटायला लागलं की त्या गॅरेजमध्ये दोन माणसं अडकली आहेत आणि दोघांच्या दारांच्या किल्ल्या दुसऱ्यांकडे आहेत.

---

आईला मी त्या काळात रोज दोनदा फोन करायला लागलो होतो. सकाळी सातला आणि पुन्हा आठला, ऑफिसला निघताना गाडीतून. मला वाटायचं, आवाज कानावर पडत राहिला की विसरणार नाही. बोलणं सुरू झालं की मी आधी विचारायचो, "आई, मी कोण सांग?"

"अं?"

"सांग ना. कोण बोलतोय? स पासून नाव आहे."

कधी ती "सुधाकर?" म्हणायची, म्हणजे तिचा भाऊ, मला आठवतही नाही इतक्या वर्षांपूर्वी वारलेला. कधी नुसतीच हसायची, चोरी पकडल्यासारखी. मी हट्टानं पुढे रेटायचो. "बरं, मी कुठे राहतो? मला किती मुलं?"

एका सकाळी फोन ताईनं घेतला.

"ती येत नाही म्हणते."

"का? झोपली का?"

"नाही झोपली. रिंग वाजली की उठून मोरीत जाऊन बसते. घाबरते ती." ताईचा आवाज चिडका नव्हता, थकलेला होता. "तू काय रोज तिची परीक्षा घेऊन राहिला? तिला नाही येत उत्तर. तिला कळतं की आपल्याला नाही येत. तेवढं मात्र अजून कळतं तिला."

मी पार्किंग लॉटमध्ये गाडीत बसून होतो. काचांवर बर्फ साचत होता. वायपर चालवावासाही वाटेना. काच हळूहळू पूर्ण पांढरी झाली, आत धूसर उजेड राहिला, आणि मी त्या उजेडात कितीतरी वेळ बसून राहिलो. ऑफिसला उशीर झाला. कुणी काही म्हटलं नाही. पण त्या दिवसांत कुणी काही न म्हणणं हेही वाईटच लक्षण वाटायचं.

चार दिवस मी फोनच केला नाही. पाचव्या दिवशी केला तेव्हा काहीच विचारलं नाही. आमच्याकडे किती बर्फ पडला ते सांगितलं. इरा व्हायोलिन वाजवते हे सांगितलं. आई ऐकत होती. मग एकदम तिच्या जुन्या, ड्यूटीवरच्या आवाजात म्हणाली, "हा ट्रंक कॉल आहे का? फार लांबून आवाज येतो आहे."

"हो," मी म्हणालो. "लांबून आहे."

"मग बोला तुम्ही निवांत. मी लाइन तोडत नाही."

त्या दिवशी आम्ही वीस मिनिटं बोललो. कुणाशी बोलतेय हे तिला ठाऊक नव्हतं, आणि मी ते ठाऊक करून द्यायचा प्रयत्न केला नाही.

---

फेब्रुवारीच्या एका शनिवारी स्टॅन बेंचशी बसून नुसता खिडकीकडे पाहत होता. खिडकीच्या अर्ध्यापर्यंत बर्फ साचलेला. म्हणाला, "सोडून देऊ या. तुझाही वेळ जातोय."

मीही तेच म्हणायला आलो होतो. त्या आठवड्यात ऑफिसात माझ्या शेजारचं टेबल रिकामं झालं होतं. पण स्टुलावर बसल्यावर सवयीनं डोळे बेंचवर फिरले, आणि मनात एक साधा विचार आला. काडतुसाला मी हात लावू शकत नाही. नळीला नाही, गोळीला नाही, दारूला नाही. मग लावू शकतो कशाला?

"स्टॅन, त्या डाय. त्या नुसत्या लोखंडी आहेत ना? ती काही काडतुसं नव्हेत."

"नव्हेत."

"मला दे."

त्यानं एकेक डाय प्रेसवरून सोडवून, फडक्यानं पुसून टेपच्या अलीकडे दिली. दोन महिन्यांत पहिल्यांदा त्या गॅरेजमधली वस्तू माझ्या हातात आली. गार, जड, तेलकट. मी घरून माझा मायक्रोमीटर आणला. नळी आकारात आणल्यावर तिचं तोंड किंचित उघडावं लागतं, नाहीतर गोळी आत बसत नाही. त्यासाठी एका डायच्या पोटात एक गुळगुळीत दांडा असतो. तो नळीत उतरतो आणि तिला आतून ताणतो. दांडा गोळीपेक्षा बारीक हवा, म्हणजे गोळी शिरताना नळी तिला आवळून धरते.

मी दांडा मोजला. पुन्हा मोजला. तो गोळीपेक्षा बारीक नव्हताच, केसभर जास्तच होता. हवा त्यापेक्षा तीन हजारांश इंच जाड. नळी इतकी ताणली जात होती की गोळीला धरायला काही उरतच नव्हतं.

मग मी तो उजेडात फिरवला. वरच्या टोकाला नखाएवढ्या जागेत दोन आकडे कोरलेले होते.

"स्टॅन, यावर अडतीस लिहिलंय."

तो फडक्याला बोटं पुसत राहिला.

"तुझं पिस्तूल नऊ मिलीमीटरचं ना? हा दांडा त्याचा नाही."

"आयरीनचा आहे," तो म्हणाला. "तिचं रिव्हॉल्व्हर अडतीसचं होतं. तिचा वेगळा सेट होता."

मग हळूहळू बाहेर आलं. बेंच आधी तळघरात होता. गुडघ्यांमुळे जिने झेपेनात म्हणून ऑक्टोबरात त्यानं सगळं गॅरेजमध्ये आणलं. आणता आणता दोन्ही सेट खोलून, एकाच ताटलीत रॉकेलमध्ये धुऊन पुन्हा जोडले. आयरीनच्या सेटमधला दांडा याच्यात गेला, याचा तिच्या सेटमध्ये. तिचा सेट ती गेल्यापासून कुणी वापरलाच नव्हता, म्हणून तिकडची चूक दिसली नाही.

काय बदललं, असं मी विचारलं तेव्हा त्याला हे आठवलंही नव्हतं. जागा बदलली तो बदल नव्हे, धुतलं तो बदल नव्हे. बायको गेली तोही त्यानं बदलात धरला नव्हता.

योग्य दांडा बसवून त्यानं दहा काडतुसं केली. नळीच्या अंगावर बाहेरून गोळीचा हलकासा उठाव दिसत होता, साप काही गिळून पडला असावा तसा. त्यानं कडेला टेकवून अंगठ्याचं नख पांढरं होईपर्यंत रेटलं. मी आकडा वाचला. आधीचाच. दहाच्या दहा तसेच.

मला ओरडावंसं वाटत होतं. स्टॅन मात्र खुर्चीत बसला.

"कारखान्यातल्या टूलरूममध्ये," तो म्हणाला, "दोन पार्ट बदलून जोडले म्हणून मी एका माणसाला कामावरून काढलं होतं. चांगला होता. त्याला दोन लहान मुली होत्या." मग म्हणाला, "दोन आकडे वाचायचे होते फक्त."

हीटरचा टक्क टक्क आवाज येत होता. मी टेपच्या अलीकडे होतो आणि मला त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा होता. टेप काडतुसांसाठी होती, माणसासाठी नव्हती, हे लक्षात यायला मला काही क्षण लागले. मग मी उठलो आणि ओलांडून गेलो.

पुढचे तीन आठवडे त्यानं ती चारशे काडतुसं उलगडली. पोकळ प्लास्टिकच्या हातोड्यात एकेक घालायचं, लाकडावर आपटायचं, गोळी आणि दारू सुटी होते. आमच्या स्वयंपाकघरापर्यंत ठक ठक ऐकू यायचं. मुग्धा एकदा चहा गाळता गाळता म्हणाली, "आता काय करतोय तो?"

"चूक काढतोय."

तिनं थर्मासमध्ये चहा भरला, आलं घातलेला, आणि माझ्या हातात दिला. "जा. देऊन ये."

शेवटचं उलगडून झालं त्या संध्याकाळी स्टॅननं स्वतःच डेबीला फोन लावला. मी तिथेच होतो. "ही प्रेस आपण क्लबाला देऊन टाकू," तो तिला म्हणाला. "नाही, काही झालेलं नाही. सगळं नीट चालतंय. म्हणूनच म्हणतोय." एप्रिलमध्ये बर्फ वितळल्यावर ती त्याला घेऊन गेली. गाडीत बसताना त्यानं माझ्याकडे जरा तिरकं पाहिलं. डोळ्यांच्या कडेनं दिसतं ना, तसं. बहुधा चेहरा दिसला असावा. आता त्याला उजेड आणि अंधार एवढंच कळतं. महिन्यातून एकदा मी फोन करतो.

---

माझी मंजुरी मे महिन्यात आली. कॉन्सुलेटची तारीख नोव्हेंबरची मिळाली. नोकरी कशीबशी टिकली होती. मी एकटाच गेलो, तीन आठवड्यांसाठी.

ताईनं दार उघडलं. आई पलंगावर बसून शेंगा सोलत होती. माझ्याकडे पाहून तिनं पदर सावरला आणि ताईला म्हणाली, "पाहुण्यांना पाणी दे."

ताईनं सांगितलं होतं ते खरं ठरलं. मी उशिरा पोचलो होतो. मनात कितीदा घोकलं होतं की असं होईल, तरी पाणी संपल्यावरही पेला मी हातातच धरून ठेवला.

शिक्क्यासाठी मुंबईला जाऊन आलो तेवढे दिवस सोडले, तर तीन आठवडे मी पाहुणा म्हणून राहिलो. तिच्याबरोबर शेंगा सोलल्या. तिचे केस विंचरले. ती मला "अहो" म्हणायची, माझ्या पानात आधी वाढायला लावायची, तुमच्या घरी कोण कोण असतं विचारायची. मी दर वेळी नव्यानं सांगायचो, आणि इराचं ऐकून ती दर वेळी नव्यानं खूश व्हायची. चांगले दिवस होते ते. मला कबूल करायला जड जातं, पण चांगले होते.

निघायच्या दिवशी बॅग दारात आली. मी वाकून नमस्कार केला. माझ्या शिक्षणाला, नोकरीला, परदेशाला, दर वेळी निघताना आई एकच म्हणत आली होती: "निघ लवकर, गाडी चुकेल." कधी डोळ्यांत पाणी आणलं नाही, कधी थांब म्हटलं नाही. मुलाला अडवायचं नसतं, असं तिचं ठरलेलं असावं. त्या दिवशी मी तिचा मुलगा नव्हतो. तिनं माझ्या शर्टाची बाही धरली आणि अगदी सहज म्हणाली, "थांबा ना आजचा दिवस. इतकी कसली घाई?"

ताई भिंतीकडे वळली.

मी बॅग आत घेतली. तिकीट चार दिवस पुढे ढकललं, ऑफिसला काहीतरी खोटं कळवलं. ते चार दिवस आईनं मला रोज थांबा म्हटलं, आणि रोज सकाळी मी थांबलेला दिसलो की तिला आनंद व्हायचा. चौथ्या दिवशीही तिनं बाही धरली.

त्या दिवशी मी तिची बोटं एकेक करून सोडवली आणि निघालो.